गुंठा, पेठ आणि निळी रेषा

एक गुंठा म्हणजे किती? पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, उत्तर येईल : १०८९ चौरस फूट. बरं, मग पुढचा प्रश्न. १०८९च का? सरळ हजार का नाही? किंवा अकराशे?

याचं उत्तर सोपं आहे. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९. आणि ३३ फूट ही इंग्रजांच्या काळात आपल्याकडे जमीन मोजायला वापरलेल्या साखळीची लांबी. सतराव्या शतकात एडमंड गंटर नावाच्या इंग्रज गणितज्ञाने ६६ फुटांची साखळी रूढ केली, तिची ही बरोबर अर्धी. या ३३ फुटी साखळीचे सोळा भाग करायचे आणि एकेका भागाला म्हणायचं 'आणा'. म्हणजे सोळा आणे लांब आणि सोळा आणे रुंद असा चौरस म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर. आज वाकडला किंवा मोशीला कुणी "दीड गुंठा घेतला" असं म्हणतो, तेव्हा तो नकळत जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीची लोखंडी साखळी हातात धरून उभा असतो.

हे सगळं आत्ता सुचायचं कारण म्हणजे माझी धाकटी मामेबहीण. ती आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे आणि तिच्या कॉलेजने यंदा पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा नकाशावर मांडायचा प्रकल्प दिलाय. "दादा, तू सॉफ्टवेअरवाला, मला हे सगळे लेअर एकावर एक बसवून दे" म्हणून ती माझ्याकडे आली. एकाच जागेचे चार नकाशे होते आणि चारांपैकी कुठलेही दोन एकमेकांवर नीट बसत नव्हते. तिला वाटलं काहीतरी तांत्रिक गडबड असेल. थोडी होतीही. पण खोलात गेल्यावर लक्षात आलं की खरा प्रश्न तांत्रिक नाहीच, तो इतिहासाचा आहे. या पट्ट्यावर गेल्या दोनशे वर्षांत निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या कारणांसाठी रेघा मारल्यात. जुन्या रेघा कुणी पुसल्या नाहीत, नव्या मारणाऱ्यांनी जुन्या नीट पाहिल्या नाहीत. आपल्या भाषेत सांगायचं तर वारशाने आलेला जुना कोड, ज्याला हात लावायला सगळे घाबरतात.

तर त्या रेघांची ही गोष्ट.

बैलजोडीचा नकाशा

१८१८ साली पेशवाई संपली आणि इंग्रजांपुढे पहिला प्रश्न आला तो महसुलाचा. कुणाकडून किती घ्यायचा? मोजणी आपल्याकडे नवीन नव्हती. शिवकाळातली काठी, बिघा, चावर ही मापं होतीच. पण इंग्रजांना हवी होती सगळीकडे एकसारखी, कागदावर उतरलेली मोजणी. पुणे जिल्ह्यात हे काम पहिल्यांदा केलं रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याने, १८२० च्या दशकाच्या अखेरीस. हा माणूस अर्थशास्त्र शिकून आला होता, रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत त्याच्या डोक्यात पक्का. प्रत्येक शेताचं निव्वळ उत्पन्न काढायचं आणि त्याच्या ५५ टक्के सरकारने घ्यायचे असं त्याचं गणित होतं. गणित कागदावर सुंदर होतं, पण मोजणी चुकीची आणि उत्पन्नाचे अंदाज फुगवलेले. इंदापूर तालुक्यात ते लागू झालं आणि अनेक शेतकरी जमिनी टाकून सरळ निजामाच्या हद्दीत निघून गेले.

मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापूरपासूनच पुन्हा सुरुवात केली. त्यांनी सिद्धांत थोडा बाजूला ठेवला, मोजणी तपासली, दर कमी केले आणि तीस वर्षांसाठी कायम केले. हीच पद्धत पुढे मुंबई इलाखाभर पसरली. आज सातबारावर तुम्ही जो सर्व्हे नंबर बघता तो या पद्धतीचं अपत्य. आणि गंमत बघा, एका सर्व्हे नंबरचा आकार ठरवताना साधारण हिशोब काय होता? एक बैलजोडी जेवढी जमीन कसू शकेल तेवढा तुकडा!

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही तेव्हा शेतीची गावं. चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीमुळे मोठं नाव होतं, बाकीची नेहमीसारखी गावं. गावनकाशात गावठाण मध्ये, भोवती शेतं, शेतांमधून पाणंद, आणि कडेला शिव. हा नकाशा एकाच प्रश्नाचं उत्तर देतो : सारा कुणी भरायचा? तिथे उद्या काय व्हावं याबद्दल तो काहीही बोलत नाही, कारण त्याला ते कुणी विचारलंच नव्हतं.

कारखान्यांचा नकाशा

१८५८ साली खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाली. रेल्वे, मुंबईचा रस्ता आणि पवना नदी या तिन्ही गोष्टी इथे जवळजवळ शेजारून जातात. जमीन बऱ्यापैकी सपाट. कारखान्याला आणखी काय लागतं? तरी मोठा उद्योग यायला शंभर वर्षं लागली. फाळणीनंतर पिंपरीत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली, तीच आजची पिंपरी कॅम्पची बाजारपेठ. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. तिथे देशातलं पेनिसिलिन तयार होऊ लागलं आणि 'एच. ए.' हे नाव पिंपरीच्या पत्त्यात कायमचं जाऊन बसलं.

१९६० च्या सुमारास आकुर्डीला बजाज आली. १ ऑगस्ट १९६२ ला एमआयडीसीची स्थापना झाली आणि जमीन ताब्यात घेऊन, रस्ते-पाणी करून, तिचे भूखंड पाडून कारखान्यांना द्यायचं काम सुरू झालं. १९६६ च्या सुमारास टेल्को आली. सुमंत मुळगावकरांनी तिथे कारखान्याबरोबर झाडं लावली, तळं केलं. ते तळं आजही सुमंत सरोवर म्हणून ओळखलं जातं. एमआयडीसीने भूखंडांना अक्षरं दिली. भोसरीचा जे ब्लॉक, चिंचवडचा डी-टू ब्लॉक. बैलजोडीच्या शेतांवर हा दुसरा थर. याचा प्रश्न वेगळा होता : ट्रक कुठून आत येणार, पाणी कुठून येणार, शेड केवढी बसणार?

या नकाशात सगळं होतं. एकच गोष्ट जवळजवळ नव्हती. पाळी सुटल्यावर कामगार जाणार कुठे? काही कंपन्यांनी वसाहती केल्या, पण लातूर, बीड, सोलापूर, नगर, साताऱ्याकडून येणारा माणूस दर महिन्याला वाढत होता. आणि या पट्ट्याची पुढची सगळी गोष्ट याच न विचारलेल्या प्रश्नातून निघते.

पेठ क्रमांक सत्तावीस

सरकारला हे दिसत नव्हतं असं मात्र नाही. १९६६ साली महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम झाला. त्यात 'नवनगर' नावाची तरतूद आहे : सरकारने एक क्षेत्र जाहीर करायचं, एक प्राधिकरण नेमायचं, त्याने जमीन घेऊन नियोजनबद्ध शहर वसवायचं. १९७० साली मुंबईसमोर नवी मुंबई उभारायला सिडको स्थापन झाली. त्याच वर्षी ४ मार्चला पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार गावांची मिळून नगरपालिका झाली आणि अण्णासाहेब मगर तिचे पहिले नगराध्यक्ष. दोन वर्षांनी, १४ मार्च १९७२ ला, पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण आलं. निगडीच्या लोकांच्या तोंडी नुसतंच 'प्राधिकरण'.

म्हणजे बघा, एकाच शहरात आता दोन संस्था नकाशे काढणार होत्या. नगरपालिका (१९८२ पासून महानगरपालिका) स्वतःच्या हद्दीचा, आणि प्राधिकरण त्याच हद्दीत आणि आसपास स्वतःच्या क्षेत्राचा.

प्राधिकरणाची कल्पना उत्तम होती, हे मान्य करायला हवं. चंदीगडसारखे क्रमांक दिलेले विभाग, प्रत्येकात शाळा, बाग, बाजार यांच्या जागा. सरकारी मराठीत या सेक्टरला नाव दिलं 'पेठ'. पुण्यात पेठ म्हटलं की शनिवार, सदाशिव, नाना. इथे पेठ क्रमांक २५, पेठ क्रमांक २७. आपण कुणीच तोंडाने 'पेठ सत्तावीस' म्हणत नाही, सेक्टर सत्तावीसच म्हणतो, पण कागद अजून पेठच म्हणतात. निगडी प्राधिकरणात संध्याकाळी एक चक्कर मारा. रुंद रस्ते, सावली, कोपऱ्यावर बाग. नियोजन म्हणजे काय हे तिथे पायांना कळतं. मोशीकडून निगडीकडे जाणारा ७५ मीटर रुंदीचा रस्ताही याच विचारातला. नगररचनाकार ज्याला शहराचा कणा म्हणतात तो शब्द इथे थेट पत्ता झाला : स्पाईन रोड. रिक्षावालाही म्हणतो, "स्पाईन रोडला सोडू का?"

अडचण कल्पनेत नव्हती, वेगात होती. कारखाना दोन वर्षांत उभा राहतो आणि हजार माणसं घेऊन येतो. भूसंपादन, मोबदला, कोर्ट, आराखडा, मंजुरी, भूखंड आणि मग घर, याला वीस वर्षं लागतात. पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १९९१ ला पाच लाखांच्या थोडी वर होती, २००१ ला दहा लाखांच्या वर गेली आणि २०११ ला सव्वासतरा लाखांच्या. (२०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे पुढचा पक्का आकडा कुणाकडेच नाही.) प्राधिकरणाची घरं या वेगाला पुरणं शक्यच नव्हतं.

दुसरी अडचण शेतकऱ्याची. ज्याची जमीन गेली त्याला शहरात वाटा काय? नवी मुंबईत याच प्रश्नावर जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, गोळीबारात पाच जणांचे जीव गेले आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचा नियम आला. आपल्याकडे प्राधिकरणातही साडेबारा टक्क्यांची मागणी झाली. पण १९८४ नंतर ज्यांची जमीन घेतली आणि त्याआधी, १९७२ ते १९८३ मध्ये, ज्यांची घेतली, त्यांच्यात फरक पडला. आधीच्यांचा प्रश्न पुढची कितीतरी वर्षं लोंबकळत राहिला. ज्यांनी सगळ्यात आधी जमीन दिली तेच रांगेत सगळ्यात मागे!

नकाशात नसलेलं घर

आता स्वतःला त्या काळातल्या शेतकऱ्याच्या जागी ठेवा. तुमच्या तीन एकरांवर प्राधिकरणाचा शिक्का आहे. जमीन कधी जाईल माहीत नाही, मोबदला किती मिळेल माहीत नाही. विहिरीला पाणी आहे, पण मुलाला शेती करायची नाही. आणि दारात एक फिटर उभा आहे, टेल्कोत नोकरी, लग्न ठरलेलं, त्याला फक्त एक गुंठा हवाय. तुम्ही काय कराल?

तेच झालं. तीन एकर म्हणजे एकशेवीस गुंठे. मधून पंधरा फुटांचा रस्ता सोडायचा, बाकीचे तुकडे पाडायचे. व्यवहार स्टॅम्प पेपरवर, नोटरी करून, फार तर कुलमुखत्यारपत्र. रीतसर खरेदीखत होणं अवघड, कारण १९४७ पासून तुकडेबंदीचा कायदा होता. शेतीचे फार लहान तुकडे होऊ नयेत म्हणून केलेला चांगला कायदा, पण शहराच्या कडेला त्याचा परिणाम उलटा झाला. तुकडे पडायचे थांबले नाहीत, फक्त कागदावर यायचे थांबले.

मग त्या गुंठ्यावर एक खोली, मग मजला, मग भाडेकरू. आणि इथे मला आमच्या धंद्यातली एक जुनी बिमारी दिसते. एकाच महापालिकेत बांधकाम परवानगी विभागाच्या दृष्टीने ते घर अस्तित्वात नाही. पण करसंकलन विभागाकडे त्याचा मिळकत क्रमांक आहे, दर वर्षी पावती निघते. वीज मंडळाकडे मीटर आहे. मतदार यादीत घर नंबर आहे. म्हणजे एकाच डेटाबेसमध्ये चार टेबलं आणि त्यांना जोडणारी किल्लीच नाही! घरमालक बिचारा पावत्यांची फाईल छातीशी धरून म्हणतो, "आम्ही टॅक्स भरतो, मग बेकायदा कसे?" त्याच्या बाजूने हा प्रश्न अगदी बरोबर आहे. कायद्याच्या बाजूने उत्तरही तेवढंच सरळ : कर घर आहे म्हणून घेतला जातो, ते कायदेशीर आहे म्हणून नाही.

या गोंधळावर शासनाने वेळोवेळी मलमपट्टी केली. २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला, त्यात १ जानेवारी २००१ पूर्वीच्या बांधकामांना संधी होती. २०२१ मध्ये ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली. २००८ पासून अनधिकृत बांधकामांवर दुप्पट शास्तीकर आला, लोकांनी तो भरला किंवा थकवला, निवडणुकीमागून निवडणुका त्या एका शब्दावर लढल्या गेल्या, आणि २०२३ साली तो माफ झाला. २०१२ ते २०१४ या काळात आयुक्त श्रीकर परदेशी यांनी पाडापाडीची मोठी मोहीम चालवली. अर्ध्या शहराने त्यांना डोक्यावर घेतलं आणि अर्ध्या शहराला झोप लागेना. त्या वेळी शहरातल्या अनधिकृत बांधकामांची संख्या साठ हजारांच्या वर सांगितली जात होती. एवढी मोठी संख्या म्हणजे काही मूठभर लोकांचा लबाडपणा नाही. जो नकाशा लोकांना घरच देत नाही, त्याला लोकांनी दिलेलं ते उत्तर आहे.

रेषा जमिनीवर उतरते तेव्हा

कागदावरची रेषा फार शांत असते. वीस वर्षं, तीस वर्षं ती तशीच पडून राहते आणि लोक ती विसरतात. मग एक दिवस नोटीस येते. या शहरातली तीन उदाहरणं देतो.

पहिलं, रिंग रोड. शहराच्या विकास योजनेत ३० मीटर रुंदीचा एक वर्तुळाकार मार्ग दाखवलेला होता, सरकारी नाव 'उच्च क्षमता द्रुतगती मार्ग'. वाल्हेकरवाडी, थेरगाव, काळेवाडी, रहाटणी, पिंपळे गुरव अशा भागांतून जाणारा. रेषा नव्वदच्या दशकातली. प्रत्यक्ष रस्ता बनवायला २०१७ उजाडलं आणि प्राधिकरणाने घरांना नोटिसा दिल्या, तोवर त्या रेषेवर वस्त्याच्या वस्त्या उभ्या होत्या. घर बचाव संघर्ष समिती स्थापन झाली, बायका-मुलांसह लोक रस्त्यावर आले. त्यांचं म्हणणं होतं, मार्ग बदला. प्रशासनाचं म्हणणं होतं, रेषा आधीची आहे. दोघंही खरं बोलत होते.

दुसरं, रेड झोन. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवती २००० यार्ड, म्हणजे साधारण १८३० मीटर, संरक्षण खात्याच्या १९०३ च्या कायद्याखाली बांधकामाला बंदी. निगडी, तळवडे, चिखलीचे काही भाग त्यात येतात. सामान्य माणसाला ही रेषा माहीत नसेल तर एक वेळ समजू शकतो. पण केंद्राच्या नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेतून निगडीच्या पेठ क्रमांक २२ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारती महापालिकेनेच उभ्या केल्या, त्याही याच रेड झोनच्या वादात सापडल्या आणि प्रकरण उच्च न्यायालयात अडकलं. शहराची योजना करणाऱ्या संस्थेलाच जर आपल्या नकाशावर दुसऱ्याची रेषा दिसत नसेल, तर एका गुंठ्याच्या मालकाने काय करावं?

तिसरं, निळी रेषा. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई. चिखलीला इंद्रायणीच्या काठी या निळ्या रेषेत बंगले झाले होते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जुलै २०२४ मध्ये ते पाडायचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयात तो टिकला आणि १७ मे २०२५ ला ३६ बंगले एका दिवसात भुईसपाट झाले.

इथे थोडं गणित करू, कारण 'पंचवीस वर्षांतून एकदा' ऐकून आपण निर्धास्त होतो. असा पूर कुठल्याही एका वर्षी यायची शक्यता ४ टक्के. म्हणजे न यायची ९६ टक्के. वीस वर्षांचं गृहकर्ज असेल तर त्या वीसही वर्षांत एकदाही पूर न यायची शक्यता ०.९६ चा विसावा घात, म्हणजे साधारण ४४ टक्के. उरलेले ५६ टक्के काय? हप्ते फिटायच्या आत नदी किमान एकदा घरात! नाणं उडवण्यापेक्षा वाईट. लाल रेषेवर हाच हिशोब केला तर १८ टक्के येतात, तेही कमी नाहीत. म्हणजे निळी रेषा ही सरकारची लहर नाही, ती नदीची आठवण आहे. तिन्ही रेषांमध्ये हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. रिंग रोडची रेषा माणसाने ठरवली, ती चर्चेने हलू शकते. कोठाराची रेषा कोठार हललं तर हलेल. नदीची रेषा कुठल्याही मंत्रालयात हलत नाही. पण आपल्या फाईलमध्ये तिन्ही एकाच रंगाच्या 'अडचणी' म्हणून पडून असतात.

चाकण : कुंपणाच्या आत आणि बाहेर

पिंपरी-चिंचवड भरलं तसा उद्योग पुणे-नाशिक रस्त्याने पुढे सरकला. चाकण म्हटलं की इतिहासवाल्यांना संग्रामदुर्ग आठवतो. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी हा भुईकोट शाइस्तेखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढवला. आमच्या आईला चाकणचा कांदा आठवतो. आणि आपल्या पिढीला आठवतो तो चाकण चौकातला ट्रॅफिक.

१९९९ च्या सुमारास बजाजचा कारखाना आला, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज, मग महिंद्र. म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी ही नावं जगभरच्या वाहन कंपन्यांच्या पत्त्यांत गेली. पण नकाशाची रचना बघा. एमआयडीसीच्या हद्दीत नियोजन एमआयडीसी करते. रस्ता रुंद, दिवे, गटार. हद्द संपली की ग्रामपंचायत. चाकणला नगरपरिषदसुद्धा २०१५ मध्ये मिळाली, तेव्हा कारखाने येऊन पंधरा वर्षं झाली होती. त्याच वर्षी पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, आलं. त्याने २०२१ मध्ये प्रारूप विकास योजना जाहीर केली, आणि तीही २०२५ मध्ये रद्द झाली. मधल्या काळात याच भागात विमानतळ होणार म्हणून कित्येक वर्षं चर्चा चालली, जमिनींचे भाव वर गेले, आणि २०१६ मध्ये विमानतळ पुरंदरला करायचं ठरलं.

थोडक्यात, पिंपरीत १९६० च्या दशकात जे झालं तेच चाकणला झालं. कारखान्याचा नकाशा आधी, माणसांचा नंतर. फक्त आता त्याला चाळीसेक वर्षांचा अनुभव गाठीशी होता. तरीही झालं. हे मात्र मला खरंच सतावतं.

सर्वेक्षण आधी, आराखडा नंतर

शंभर वर्षांपूर्वी पॅट्रिक गेडिस नावाचा एक स्कॉटिश गृहस्थ हिंदुस्थानात गावोगाव फिरत होता. मुळात जीवशास्त्रज्ञ, पण शहरांच्या नादी लागलेला. १९१९ पासून काही वर्षं मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापकही होता. त्याचा आग्रह एकच : आधी पायी फिरा, बघा, मोजा, लोकांशी बोला, मग आराखडा काढा. त्या काळचे अभियंते दाट वस्ती दिसली की पट्टी ठेवून सरळ रस्ता काढायचे. गेडिस म्हणायचा, डॉक्टर आधी तपासतो आणि मग औषध देतो, आणि शस्त्रक्रिया करायचीच तर जपून करा. एक पडकं घर काढून तिथे चौक होतो का बघा, अख्खी गल्ली कशाला पाडता?

आर्किटेक्चरची मुलं अजून हेच शिकतात. १७४८ साली जाम्बातिस्ता नोल्लीने केलेला रोमचा नकाशा त्यांना दाखवतात. इमारती काळ्या, मोकळी जागा पांढरी, आणि चर्चच्या आतली जागासुद्धा पांढरी, कारण तिथे कुणीही जाऊ शकतं. म्हणजे नकाशा मालकी दाखवत नाही, माणूस कुठून कुठे चालू शकतो ते दाखवतो. असा नकाशा थेरगावचा किंवा नाणेकरवाडीचा केला तर? पाळी सुटल्यावर कामगार कुठून चालतो, टँकर कुठे उभा राहतो, पावसात पाणी कुठे साचतं?

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणापर्यंत साध्या माणसाला चांगला नकाशा मिळणंच कठीण होतं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पत्रकांमध्ये पिंपरी-चिंचवड ४७ एफ/१४ वर आणि चाकण गाव त्याच्या वरच्या ४७ एफ/१३ च्या खालच्या कडेला येतं. एक पट्टा, दोन कागद! आता तसं नाही. ओपनस्ट्रीटमॅप आहे, उपग्रहाची चित्रं आहेत, सातबारा आणि गटनकाशा घरबसल्या दिसतो, २०२१ पासून नकाशे करण्यावरचे निर्बंधही बरेच सैल झालेत. प्राधिकरणही त्याच वर्षी, २०२१ मध्ये, विसर्जित होऊन त्याचं क्षेत्र पीएमआरडीए आणि महापालिकेत वाटलं गेलं. म्हणजे साधनं आली, दोन नकाशांची भांडणंही निदान कागदावर मिटली.

आणि तरीसुद्धा मे २०२५ मध्ये महापालिकेने नवीन प्रारूप विकास योजना जाहीर केली तेव्हा काय दिसलं? हरकतीसाठी साठ दिवस. कायद्याने ती मुदत आहे, चांगली गोष्ट आहे. पण हरकत घ्यायला आधी त्या नकाशात स्वतःचं घर सापडायला हवं! लोक मोबाईलवर रंगीत पत्रकं मोठी करून करून बघत होते. पिवळा म्हणजे निवासी, जांभळा म्हणजे औद्योगिक, हिरवा म्हणजे मोकळी जागा, पण "माझा गट नंबर कुठाय?" ज्याला इंटरनेटवर भटकायची सवय आहे त्याला तासाभरात सापडलं. ज्याचं घर खरोखर रेषेवर होतं, त्याला बहुतेक वेळा शेजाऱ्याने सांगितलं.

इथेच मला वाटतं विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांना खरं काम आहे. भविष्यातल्या चकचकीत शहराची चित्रं भरपूर झाली. त्यापेक्षा बैलजोडीचा नकाशा, प्राधिकरणाची पेठ, विकास योजना, रेड झोन आणि निळी रेषा हे सगळं एका गल्लीपुरतं का होईना एकावर एक ठेवून, मराठीत, गट नंबरनिशी, गल्लीतल्या माणसाला वाचता येईल असं मांडलं तर? एका वॉर्डातली वीस मुलं एका सत्रात हे करू शकतात. चूक निघाली तर लोकच सांगतील, कारण स्वतःच्या घराबद्दल त्यांच्याएवढं कुणालाच माहीत नसतं. प्रिंगलच्या मोजणीत नेमकं हेच राहून गेलं होतं. त्याने सगळं मोजलं, फक्त शेतकऱ्याला विचारलं नाही.

आणि आपण, जे येत्या वर्षा-दोन वर्षांत रावेत, मोशी किंवा चऱ्होलीला घर बघायला निघणार आहोत? सॅम्पल फ्लॅटमधला सोफा बघून झाला की चार कागद मागा : सातबारा आणि मोजणीचा नकाशा, विकास योजनेचा झोन दाखला आणि भाग नकाशा, जवळ लष्कराची जागा असेल तर रेड झोनची हद्द, आणि नदी-ओढा असेल तर पूररेषा. विक्रेता म्हणेल, "साहेब, बँक लोन देतेय म्हणजे सगळं क्लिअर आहे." हसून मान हलवा आणि पुन्हा मागा. चारही कागद एकाच जागेबद्दल एकच गोष्ट सांगत असतील, तर खुशाल पेढे वाटा. नसतील, तर त्यातला कुठला कागद कुणाच्या प्रश्नाचं उत्तर आहे ते आधी शोधा. आपण हप्ते वीस वर्षं भरणार, रेषा तीस वर्षं वाट बघू शकते.

असो. बरंच लांबलं. पुढच्या शनिवार-रविवारी थेरगाव ते वाल्हेकरवाडी पायी फिरायचा बेत आहे, मोबाईल, एक वही आणि पाण्याची बाटली घेऊन. कुणाला यायचं असेल तर स्वागत आहे. ३३ फुटांची साखळी मात्र माझ्याकडे नाही, पावलंच मोजावी लागतील :-)